बंद ओठांची राणी

"बोल ना काहीतरी! काय वाट्टेल ते बोल. ऐकणार कोण आहे?"

ती कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा दिग्दर्शक तिच्यावर असा खेकसला होता. खरंच होतं त्याचं. चित्रपट तेव्हा मुके होते. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची, आणि त्यांचं बोलणं मधेमधे काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत उमटायचं. पाटीवर 'प्रिये, तुझ्यावाचून मला जग अंधारं आहे' असं असायचं, आणि नायक प्रत्यक्षात म्हणत असायचा, "अगं, बुटात खिळा वर आलाय माझ्या, लवकर आटप." खलनायक गळा दाबता दाबता बायकोची गाऱ्हाणी सांगायचा. सगळेच तसं करायचे. कामाची अर्धी मजा त्यातच होती.

घरी तिला मोठी म्हणायचे. तिच्यापेक्षा बरीच लहान बहीण होती, ती धाकटी. निदान गल्लीला तरी ती बहीण म्हणूनच माहीत होती. खरं काय ते मोठीला ठाऊक होतं, मोठीच्या आईला ठाऊक होतं, आणि एका सुईणीला, ती बिचारी केव्हाच वारली होती. धाकटी मोठीच्या पोटची होती. मोठी शिवणाच्या कारखान्यात जायची तेव्हाची गोष्ट, वय कोवळं. तो माणूस कोण, हे मी सांगणार नाही. त्याची तेवढी लायकी नाही. त्यानं हात झटकले, मोठीच्या आईनं गाव बदललं, आणि नव्या गल्लीत शिरताना पोर स्वतःच्या कडेवर घेतली. शेजारणी म्हणाल्या, "अगंबाई, या वयात?" ती म्हणाली, "देवाची मर्जी." झालं, विषय मिटला.

घरात आल्यावर मात्र तिनं मोठीला दाराआड ओढलं होतं. "हे आता तोंडातून बाहेर पडता कामा नये. झोपेतसुद्धा नाही. कळलं?" मोठीला कळलं होतं. ती त्यानंतर बराच काळ उशी तोंडावर धरून झोपायची.

नटी व्हायचं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती स्टुडिओत कपडे शिवायला लागली होती. तिथे एक नायिका होती, नाकावर राग. तिला मापं द्यायला वेळ नसायचा, म्हणून तिचे पोशाख मोठीच्याच अंगावर बेतून शिवले जायचे. एक दिवस नायिका मालकाशी भांडून निघून गेली. राणीचा पोशाख तयार, सेट उभा, काचेच्या छपरातून ऊन अगदी हवं तसं पडलेलं, आणि राणी नाही. तो पोशाख एकट्या मोठीलाच बसत होता. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "चल बाई, तू उभी राहा." अशी तिची कारकीर्द सुरू झाली. लोक उगाच म्हणतात, नशीब लागतं. इथे नुसतं मापाचं काम होतं.

सहा-सात चित्रपट बरे गेले. मग आला तो. त्यात एका आईचं मूल हरवतं, आणि ती खिडकीशी उभी राहून रडते, एवढाच प्रसंग. पण चेहरा सबंध पडद्याएवढा दिसणार होता. रंगवाल्यानं तिच्या तोंडाला पांढरा लेप दिला आणि ओठ गडद रंगवले, कारण त्या फिल्मवर साधे ओठ दिसायचेच नाहीत. सगळं झालं, पण रडू काही येईना. व्हायोलिनवाला कोपऱ्यात उभा राहून हात दुखेपर्यंत वाजवत होता. कांदा आणला, तर नुसतेच डोळे चुरचुरले. ऊन कलायला लागलं. दिग्दर्शक जवळ आला. या खेपेला तो ओरडला नाही, हळूच म्हणाला, "आजवर कोणाला सांगितलं नाहीस असं काहीतरी असेल ना पोटात? ते बोल. कॅमेऱ्याला कान नसतात."

आणि ती बोलली. कॅमेऱ्याची मूठ खटखट फिरत होती, व्हायोलिन रडत होतं, आणि ती भिंगाकडे बघून स्पष्ट म्हणाली, "धाकटी माझी बहीण नाही. ती माझी मुलगी आहे. ती झाली त्या रात्री मी हात जोडून म्हटलं, देवा, सकाळपर्यंत ही मरू दे."

पुढे काय बोलली ते तिला कधीच आठवलं नाही. बांध फुटला एवढं आठवतं. मूठ फिरवणाऱ्या कॅमेरावाल्याचेही डोळे भरून आले, दिग्दर्शकानं टोपी हवेत उडवली. ती घरी गेली तेव्हा इतकी हलकी झाली होती की दोन घास जास्त जेवली. धाकटीला मांडीवर घेऊन तिच्या वेण्या घातल्या. आई म्हणाली, "आज काय सापडलंय हिला?"

तो चेहरा गावोगाव गेला. भिंतींवर रंगवला गेला, आगपेट्यांवर छापला गेला. लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढून तेवढं रडं बघायला जायचे. तिला ओळखीचे म्हणायचे, "काय ग, काय म्हणत होतीस तेव्हा?" ती हसून म्हणायची, "आठवतंय कोणाला!"

पुढच्याच वर्षी धाकटीला ताप आला. आठ वर्षांची पोर, ताप मेंदूत गेला. वाचली, पण उठली तेव्हा दार धाडकन आपटलं तरी वळून बघेना. डॉक्टरनं कानाशी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि घंटी खिशात ठेवून दिली. मोठीला वाटलं, देवानं आपलं ऐकलं. उशिरा ऐकलं, आणि अर्धंच ऐकलं. आता उरलेलं अर्धं तो केव्हा ऐकेल याचा काय भरवसा? पोर झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरून बसायची.

पण पोर चिवट निघाली. बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातली, तिथल्या बाई ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत. धाकटी असली पटाईत झाली की विचारू नका. बोलता तिला आधीपासून येतच होतं. खिडकीत बसून ती समोरच्या घरातलं बंद काचेआडचं भांडण जसंच्या तसं सांगायची. "तो म्हणतो, तुझा भाऊ फुकटखाऊ. ती म्हणते, आणि तुझा?" मोठीच्या आईची तर चंगळ झाली. ती खुर्ची ओढून शेजारीच बसायची. "आता काय म्हणतेय? सांग ना ग!" मोठीही हसायची. तिच्या काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही. माणूस एवढं कसं आंधळं असतं कोण जाणे.

मग एके दिवशी शाळेच्या बाईंनी मुलींना चित्रपटाला नेलं. मोठीचाच होता, पण एक जुना, हलकाफुलका. धाकटी घरी आली ती पोट धरधरून हसत. "ताई, पाटीवर प्रिये, प्रिये, आणि तो म्हणतो बुटात खिळा! आणि तू एवढी लाजलीस, मान खाली घातलीस, आणि काय म्हणालीस? घरातला साबण संपलाय!"

मोठी आधी हसली. मग तिच्या हातातला चमचा ताटात पडला. तो आवाज धाकटीला ऐकू आला नाही, पण ताईचा चेहरा दिसला.

"काय झालं? बरं वाटत नाही?"

"काही नाही."

"बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला तुझा तो रडायचा चित्रपट बघू."

"तो नाही!" मोठी इतक्या जोरात ओरडली की आई आतून धावत आली. "तो लहान मुलांनी बघायचा नाही."

"गल्लीतल्या सगळ्या मुलांनी बघितलाय," धाकटी म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मोठी कात्रीवाल्याकडे गेली. फिल्मचे तुकडे कापून जोडायचं काम करणारा हा म्हातारा, कायम तोंडात विडी. ती म्हणाली, "माझं एक काम करा. तो रडतानाचा चेहरा काढून टाका. त्या जागी पाटी घाला."

"त्या चित्रपटात दुसरं आहे काय?" तो म्हणाला. "आणि किती ठिकाणी जाऊन कापू? गावोगाव गेलाय तो. वर मालक माझाच गळा कापेल." मग डोळे बारीक करून हसला. "का हो, शिवी हासडलीत की काय कोणाला?"

तिला हसता आलं नाही. त्या रात्रीचं ते वाक्य आता तिच्या पोटात नव्हतं, बाहेर होतं, हजारो लोकांसमोर रोज दोनदा म्हटलं जात होतं, आणि ओठ वाचता येणारा एकही माणूस समोर आला तर खेळ खलास. मुलगी आहे हे कळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण मरू दे म्हटलं होतं, हे त्या पोरीला कळलं तर? ताप येऊन कान गेलेल्या पोरीला? त्याला काय उत्तर देणार होती ती?

म्हणून तिनं तोंडाला कुलूप घातलं. कॅमेऱ्यासमोर ती ओठ घट्ट मिटून उभी राहायला लागली. प्रेमात मिटलेले, रागात मिटलेले, मरताना मिटलेले. दिग्दर्शक वैतागला, पण वर्तमानपत्रवाले वेडे झाले. 'हिला शब्दांची गरजच नाही!' त्यांनी तिला 'बंद ओठांची राणी' करून टाकलं. लोकांना त्यात खोल दुःख दिसायचं. दुःखबिःख काही नव्हतं, बाई नुसती घाबरलेली होती.

हे बाहेरचं झालं. घरचं सांगताना मला राग येतो. धाकटी तोंडाकडे बघायला लागली की मोठीला वाटायचं, ते वाक्य आपल्या ओठांवरच बसलंय, आता हिला दिसेल. म्हणून ती पाठ करून बोलायला लागली. कधी भांडं घासता घासता, कधी तोंडावर हात धरून. अहो, ऐकणाऱ्या माणसाचं ठीक आहे. त्या पोरीच्या बाबतीत तोंड फिरवणं म्हणजे दार लावून घेणं. पहिलं वर्षभर धाकटी तिच्या हनुवटीला धरून चेहरा आपल्याकडे वळवायची. "ताई, इकडे." मोठी मान सोडवून घ्यायची. मग धाकटीनं हनुवटी धरायचं सोडून दिलं. जे विचारायचं ते आजीला, म्हणजे तिच्या लेखी आईला, विचारायला लागली.

बाहेरही सुख नव्हतं. एकदा ट्राममध्ये समोर एक तरुण बसला होता, बोटांना छापखान्याची शाई. तो तिच्या ओठांकडे बघत होता. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. उतरताना त्यानं तिच्यासमोर टोपी काढली आणि छातीवर हात ठेवला. त्याच वेळी त्याच्या सोबतच्या माणसानं त्याला हातांनी खुणा करून चल म्हटलं. मोठीनं ताडलं, हा त्या शाळेतला जुना विद्यार्थी. यानं वाचलंय. हा शाळेत जात असेल. हा धाकटीला ओळखत असेल. ती दोन थांबे आधीच उतरली आणि घरापर्यंत जवळजवळ धावत गेली. धाकटी गणितं करत बसली होती. तिनं नेहमीसारखं वर बघितलं, आणि मोठीनं नेहमीसारखं तोंड फिरवलं.

अशी वर्षं गेली, जीव टांगणीला लावून. मग चित्रपट बोलायला लागले.

स्टुडिओत सुतक पडल्यासारखं झालं. व्हायोलिनवाल्याला घरी पाठवलं. काचेच्या छपरावर जाड गाद्या ठोकल्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. ज्याचा आवाज चिरका तो नायक रडकुंडीला आला. एकटी मोठी खूश होती. आता मुके चित्रपट कोण बघतंय? जुन्या फिल्म पिंपात घालून विरघळवतात, त्यातली चांदी काढून घेतात, असं कात्रीवाल्यानं सांगितलं तेव्हा तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. "सगळ्या?" तिनं विचारलं. "सगळ्या," तो म्हणाला.

तिची आवाजाची परीक्षा झाली. मायक्रोफोन डोक्यावर लोंबत होता, दिग्दर्शक म्हणाला, "बोला." तिनं तोंड उघडलं आणि तिची बोबडी वळली. आता तर या यंत्राला कानसुद्धा होते! ती तशीच उभी राहिली. मालकानं दोन दिवस वाट बघितली आणि मग तिला पुन्हा शिवणाच्या खोलीत जागा दिली. लोक हळहळले. ती मात्र त्या दिवसापासून रात्री झोपायला लागली. आई तेवढ्यातच गेली. जाताना तिनं मोठीचा हात दाबला आणि ओठांवर बोट ठेवलं. शेवटपर्यंत तेच.

धाकटी सतरा वर्षांची झाली, त्याच शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करू लागली. एक दिवस ती घरी आली ती अक्षरशः नाचत. "ताई! स्टुडिओच्या मालकांनी शाळेला एक भेट दिलीये. ते म्हणाले, बोलपट आमच्या मुलांच्या काय उपयोगाचे? त्यांच्या घरी एक जुना चित्रपट जपून ठेवला होता, दाखवायच्या मशीनसकट देऊन टाकला. तुझा! तो रडायचा! शनिवारी दुपारी आहे, आणि पाहुणी तूच!"

मोठी शिवणाच्या मशीनवरच्या कापडाकडे बघत म्हणाली, "मला बरं नाही."

"इकडे बघून बोल."

"बरं नाही म्हटलं."

"तू नाही आलीस तरी चित्रपट लागणार आहे," धाकटी म्हणाली. तिचं नाचणं थांबलं होतं. "मी बघणार आहे."

शनिवारी शाळेत जाताना वाटेत मोठीनं कितीदा तरी सुरुवात केली. "धाकटे, ऐक ना." पण ती समोर बघत म्हणत होती, आणि धाकटी पुढे चालत होती. आधी आपणच सांगावं, हे तिला कळत होतं. जीभ रेटत नव्हती.

शाळेच्या दिवाणखान्यात काळे पडदे लावलेले. बाकांवर मुलं, मागे शाळेत शिकून गेलेली मोठी माणसं. छापखान्याचा तो शाईच्या बोटांचा तरुणही होता. मोठीला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी धाकटी. मशीन सुरू झालं आणि मुलं हसायला लागली, सगळी चुकीच्या जागी. खलनायकानं तलवार उपसली तर हशा पिकला. कारण तो म्हणत होता, सासू येऊन राहिलीये. मोठी खुर्चीच्या कडा धरून बसली होती. तिला वाटत होतं, उठावं, मशीनपुढे जाऊन उभं राहावं, आपली सावली तरी पडू दे त्या पडद्यावर. पण उठली नाही.

आणि तिचा चेहरा आला. भिंतभर. गडद ओठ, एकेक हालचाल सुटी सुटी, लहान मुलालाही वाचता यावी अशी.

*धाकटी माझी बहीण नाही.*

खुणा करणारे हात थांबले.

*ती माझी मुलगी आहे. ती झाली त्या रात्री मी हात जोडून म्हटलं, देवा, सकाळपर्यंत ही मरू दे.*

ओठ पुढेही हलायला लागले, आणि तेवढ्यात पाटी आली. 'हे काळोखा, माझं बाळ मला परत दे!' पाटीनंतर एकदम घोडेस्वार. कात्रीवाल्याला तिथेच कापावंसं वाटलं होतं.

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. धाकटी उठली. मशीनवाल्याला तिनं हातानं थांब म्हटलं, खिडकीचा काळा पडदा ओढला. ऊन आत आलं. ती मोठीच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिनं, लहानपणी धरायची तशी, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"पाटी मधेच आली," ती म्हणाली. "पुढे काय म्हणालीस?"

मोठीला काहीही गोड सांगता आलं असतं. खरं-खोटं कोणाला कळणार होतं?

"आठवत नाही मला. खरंच नाही आठवत."

"मग त्या रात्री पुढे काय झालं ते सांग."

"पुढे सकाळ झाली," मोठी म्हणाली. "तू भुकेनं किंचाळत होतीस. मी तुला घेतलं. मग खाली ठेववेना. मग तुला ताप आला, तेव्हा मला वाटलं, त्यानं माझं ऐकलं. माझ्यामुळे झालं सगळं."

धाकटीचे डोळे भरले होते, पण आवाज चढला होता. आपण किती जोरात बोलतोय ते तिला कळायचं नाही.

"मला वाटायचं, मी बहिरी झाले म्हणून तुला नकोशी झाले. म्हणून तोंड फिरवतेस. इतकी वर्षं मला तेच वाटायचं!"

"नाही ग... नाही. हे दिसेल म्हणून. भीती वाटायची मला."

"मरू दे म्हणालीस, आणि मी मेले नाही."

"नाही."

"म्हणजे देवालाही ऐकू येत नाही," धाकटी म्हणाली. "माझ्यासारखंच. बरं झालं."

मागच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं, की रडलं, कोण जाणे. सवयीनं मोठीचा हात तोंडावर गेला. तिला आता काय हाक मारायची हे धाकटीचं ठरलं नसावं, कारण तिनं हाक मारलीच नाही. तिनं तो हात मनगटाला धरून बाजूला केला.

"हात खाली," ती म्हणाली. "मला दिसत नाहीये. आता पहिल्यापासून सांग."